‘पुरे’ म्हणजे किती ?

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका आम्ही तपाशीत होतों. इंग्रजी उताऱ्याचें मराठी करा, असा नेहमींचाच प्रश्न होता; आणि उताऱ्यांत, एका शेतकऱ्याच्या घरीं हिवाळा निघेल इतकें सरपण होतें, अशा अर्थाचें एक साधें वाक्य होतें. तेथें ‘इनफ’ हा शब्द आला होता. बहुतेकांनीं ‘पुरेसें’ किंवा ‘भरपूर’ असें लिहून तो निकालांत काढला होता. गडचिरोलीकडच्या एका खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यानें मात्र लिहिलें होतें कीं, त्या शेतकऱ्याच्या घरीं ‘निस्तार होईल एवढें’ लांकूड होतें. आम्हीं ‘निस्तार’ या शब्दाखालीं तांबडी रेघ ओढली, समासांत ‘पुरेसें’ असें लिहिलें आणि अर्धा गुण कापला. ‘भरपूर’ लिहिणाऱ्यांचा गुण आम्हीं कापला नाहीं, हेंही येथें कबूल केलें पाहिजे.

पुढें एकदां वनहक्कांसंबंधींचा २००६ सालचा कायदा वाचण्याचा प्रसंग आला. त्याच्या तिसऱ्या कलमांत, इंग्रजी मजकुराच्या मधोमध, हाच ‘निस्तार’ शब्द जसाच्या तसा बसलेला आम्हांस आढळला. देशाच्या संसदेनें ज्या शब्दाचें भाषांतर न करतां त्याला आहे तसाच कायद्यांत घेतला, तो शब्द एका मुलानें एका इंग्रजी शब्दासाठीं अगदीं योग्य ठिकाणीं योजिला होता, आणि आम्हीं त्याला चूक ठरविलें होतें. तो अर्धा गुण आतां परत करतां येण्यासारखा नाहीं. परंतु त्या निमित्तानें ‘पुरेसें’ या कल्पनेचा लहानसा इतिहास वाचकांपुढें मांडतां येईल. आणि तो मांडतांना असें दिसून येईल कीं, चांदा व गडचिरोली या अरण्यप्रदेशांत दीडशें वर्षें जो वाद चालला, तो एका अर्थीं याच शब्दाच्या अर्थाचा वाद होता.

प्रथम इंग्रजी शब्दाची विचारपूस करूं. ‘इनफ’ हा इंग्रजांचा अस्सल घरचा शब्द आहे. जुन्या इंग्रजींत त्याचें रूप ‘गेनोग’ असें होतें. जर्मन ‘गेनूग’, डच ‘गेनूख’ आणि गॉथिक ‘गानोह्स’ हीं त्याचीं भावंडें. आरंभींचा ‘गे’ हा उपसर्ग झिजत झिजत नुसता ‘इ’ राहिला आणि अखेरचा कंठ्य ध्वनि ओठांवर येऊन ‘फ’ झाला. लिहिण्यांत एक आणि बोलण्यांत दुसरेंच, असा जो प्रकार आमच्या विद्यार्थ्यांना छळतो, तो त्यामुळेंच. या सर्व रूपांच्या मुळाशीं भाषाशास्त्रज्ञ जो धातु मानतात, त्याचा अर्थ ‘पोंचणें, गांठणें’ असा आहे. आणि संस्कृतांतील ‘अश्नोति’, म्हणजे ‘पोंचतो, व्यापतो’, हें क्रियापद त्याच कुळांतलें समजलें जातें. तेव्हां जें गरजेपर्यंत जाऊन पोंचतें तें ‘इनफ’. त्या शब्दांत रास नाहीं, ढीग नाहीं. कांठाला हात लागला, एवढेंच आहे.

याच अर्थाचे दुसरे दोन शब्द इंग्रजीनें लॅटिन भाषेकडून घेतले. ‘सफिशंट’ याचें मूळ ‘खालीं ठेवणें, आधाराला देणें’ अशा अर्थाच्या क्रियापदांत आहे. नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच भाषेच्या वाटेनें तो इंग्रजींत शिरला. ‘ॲडिक्वेट’ हा सतराव्या शतकांतला पाहुणा. त्याच्या पोटांत ‘सम करणें’, मापाच्या बरोबरीला आणणें, हा अर्थ आहे. जेवणाच्या मेजावर इंग्रज मनुष्य ‘इनफ’ म्हणतो. कायद्यांत, खलित्यांत आणि अहवालांत तो ‘सफिशंट’ व ‘ॲडिक्वेट’ लिहितो. हा भेद केवळ शैलीचा नव्हे. ‘इनफ’ हें ज्याची गरज आहे त्याच्या अनुभवावरून ठरतें. ‘ॲडिक्वेट’ ठरविण्यासाठीं कोणीतरी बाहेरचा मनुष्य माप घेऊन उभा असावा लागतो. आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. ‘पुरे’ या अर्थाच्या लॅटिन ‘सॅटिस’ या शब्दाचा सगोत्र असा एक शब्द इंग्रजींतही आहे. तो म्हणजे ‘सॅड’. आज ‘खिन्न’ असा त्याचा अर्थ असला, तरी प्राचीन काळीं तो ‘पोट भरलेला, तृप्त’ या अर्थीं वापरीत. तृप्तावरून जड, जडावरून गंभीर आणि गंभीरावरून खिन्न, असा त्याचा प्रवास झाला. पुरे झाल्यावरही खात राहणाऱ्याची शेवटीं जी अवस्था होते, ती या एका शब्दाच्या चरित्रांत उमटली आहे.

आतां आपल्या घरीं येऊं. मराठींतील ‘पुरणें’ हें क्रियापद संस्कृतांतील भरण्याच्या धातूपासून आलें. नदीला येणारा ‘पूर’ आणि पोळींत भरलें जाणारें ‘पुरण’ हीं त्याच घरचीं. परंतु मराठीनें या भरण्याच्या अर्थावर पोंचण्याचा अर्थही चढविला. ‘फळीवरच्या डब्याला हात पुरत नाहीं,’ असें लहान मूल म्हणतें. ‘नजर पुरेल तेथवर धानाचीं शेतें,’ असें आपण लिहितों. संस्कृत ‘पर्याप्त’ या शब्दांतही ‘आप्’ म्हणजे गांठणें, मिळविणें, हाच धातु आहे. जें ‘इनफ’ या शब्दाच्या तळाशीं पुरलें गेलें आणि खुद्द इंग्रजही विसरले, तें आपल्या घरांतील मुलांच्या तोंडीं अजून खेळतें आहे.

शेजाऱ्यांकडूनही आपण या अर्थाचे शब्द घेतले. ‘बस्स’ हा फारसी आहे. ‘काफी’ हा अरबी. त्याचा मूळ अर्थ ‘पुरेसें’. पण हिंदींत आज ‘काफी’ म्हणजे ‘बरेंच, पुष्कळ’ असें झालें आहे. ‘पुरेसें’ या अर्थाच्या शब्दाला ‘पुष्कळ’ या अर्थाकडे घसरत जाण्याची जणूं खोडच असते. ‘इनफ’ याचें भाषांतर ‘भरपूर’ असें करणारे आमचे विद्यार्थी त्याच घसरणीवर होते, आणि आम्हीं त्यांना पूर्ण गुण दिले होते.

‘पुरे’ या अव्ययाचे मात्र मराठींत दोन उपयोग आहेत, आणि आमच्या विषयाची किल्ली तेथें आहे. ‘दोघांना एवढें पुरे’ यांत समाधान आहे, ‘आतां पुरे!’ यांत निषेध आहे. संस्कृत वैयाकरणांनीं ‘अलम्’ या शब्दाच्या बाबतींत हाच भेद हेरून ठेविला आहे : समर्थ किंवा पुरेसें या अर्थीं त्याच्याबरोबर चतुर्थी येते, आणि ‘नको, बंद करा’ या अर्थीं तृतीया. विभक्ति बदलली कीं अर्थ बदलतो. मराठींत विभक्ति बदलत नाहीं; बोलणारा बदलतो. पंगतींत वाढपी दुसऱ्यांदा भात घेऊन आला आणि जेवणारानें पानावर हात आडवा धरून ‘पुरे’ म्हटलें, तर तो संयम झाला, शिष्टाचार झाला. तोच शब्द वाढप्यानें जेवणाराला म्हटला, तर त्यासारखा अपमान नाहीं. शब्द एकच, पान एकच, भातही तेवढाच; फरक एवढाच कीं, ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा.

हें व्याकरण जंगलाला कसें लागू पडतें, हें समजण्यासाठीं ‘निस्तार’ या शब्दाकडे वळलें पाहिजे. ‘निस्’ हा उपसर्ग आणि ‘तॄ’ हा तरून जाण्याचा धातु मिळून तो झाला आहे. पाण्यांतून पार होऊन पलीकडच्या कांठाला लागणें हा त्याचा मूळचा अर्थ. ग्रंथांतून तो उद्धार किंवा सुटका या अर्थीं येतो. आणि एखाद्याची भानगड आपणांस ‘निस्तरावी’ लागते, तेव्हां आपणही त्याच शब्दाचा आश्रय करतों. परंतु छत्तीसगडापासून चांद्यापर्यंतच्या पट्ट्यांत या शब्दानें संसारांत उतरून एक नेमका अर्थ धारण केला. घर शाकारण्यास बांबू व गवत, नांगरास व बंडीस लांकूड, चुलीस सरपण, गुरांस चारा, आणि माणसांस मोहफुलें, चारोळी, कंद व रानभाज्या : एका कुटुंबाचें वर्ष ज्यावर पार पडतें, तो सारा व्यवहार म्हणजे निस्तार. छत्तीसगडांत गांवाच्या नित्य वापराच्या तळ्याला ‘निस्तारी तलाव’ म्हणतात, तेंही याच अर्थानें.

वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती यांच्या कांठच्या माणसाला पार होणें म्हणजे काय, हें सांगावें लागत नाहीं. पावसाळ्यांत नदी अर्धी ओलांडून भागत नाहीं. वर्षाचेंही तसेंच आहे. दहा महिने पुरलें आणि दोन महिने पुरलें नाहीं, तर त्याला कोणी दशांशांत पुरेसें म्हणणार नाहीं. ‘इनफ’ या शब्दांत कांठाला हात लागण्याची जी कल्पना होती, तीच ‘निस्तार’ या शब्दांत आहे; मात्र येथें तिला पाण्याची खोली माहीत आहे. आमच्या विद्यार्थ्याचें भाषांतर ‘पुरेसें’ या शब्दापेक्षां मूळ शब्दाच्या अधिक जवळ गेलें होतें, असें आज आम्हांस वाटतें.

१८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें आणि त्याबरोबर चांदा जिल्हा इंग्रजांच्या हातीं गेला. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, आणि त्या दशकांत जमाबंदीचें मोठें काम सुरू झालें. मालगुजारांना गांवाचे मालक ठरविण्यांत आलें. त्या वेळीं प्रश्न निघाला कीं, गांवालगतचें जें अफाट रान व पडीत जमीन आहे, ती कोणाची ? सरकारनें हिशोब केला तो असा : लागवडीखालील क्षेत्राच्या ठराविक पटीइतकी पडीत जमीन गांवास पुरेशी आहे; तेवढी गांवाकडे ठेवावी, आणि उरेल ती ‘अतिरिक्त’ समजून सरकारजमा करावी. मध्यप्रांतांतील सरकारी जंगलांचा मोठा भाग या ‘अतिरिक्त’ शब्दांतून जन्मास आला. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, माप लागवडीच्या क्षेत्रावरून घेतलें गेलें. ज्यांचें अर्धें जगणें शेतावर व अर्धें रानावर, त्यांच्या रानाची गरज त्यांच्या शेताच्या आकारावरून ठरली. ज्याचें शेत लहान त्याला रान अधिक लागतें. हिशोबांत नेमकें उलटें झालें.

तरी त्या काळच्या अधिकाऱ्यांनीं एक उपकार करून ठेविला. ‘वाजिब-उल-अर्ज’ या नांवाच्या गांवच्या दप्तरांत त्यांनीं गांवोगांवच्या वहिवाटी नोंदविल्या, आणि त्यांत निस्ताराच्या वहिवाटीही आल्या. परकी राज्यकर्त्यांनीं या शब्दाचें भाषांतर न करतां तो उचलला, कारण तसें करणें सोपें नव्हतें. अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदाऱ्यांत रान जमीनदारांकडे राहिलें, आणि तेथें रयतेचा निस्तार बराचसा जुन्या रूढीवर व जमीनदाराच्या मर्जीवर चालला.

पुढें १८७८ सालचा वनकायदा आला, आणि त्याची जागा १९२७ सालच्या कायद्यानें घेतली. हा दुसरा कायदा त्यांतील अनेक फेरफारांसह अद्याप आपल्या पुस्तकांत आहे. राखीव जंगल ठरवितांना लोकांचे हक्क कसे तपासावे, याचीं कलमें भाषेच्या अभ्यासकानें मुद्दाम वाचावीं अशीं आहेत. चौदाव्या कलमाप्रमाणें वन-जमाबंदी अधिकाऱ्यानें हक्क मान्य करतांना गुरें किती व कोणतीं, चराई कोणत्या ऋतूंत, लांकूड व इतर माल किती, हें सारें लिहावें. आणि मिळालेला माल विकतां वा बदलतां येईल कीं नाहीं, हेंही लिहावें. पंधराव्या कलमांत, हक्क चालूं राहावे म्हणून दुसरीकडे ‘सफिशंट’ विस्ताराचा, म्हणजे पुरेशा विस्ताराचा, वनभाग नेमून देण्याची तरतूद आहे. तेंही जमत नसेल तर सोळाव्या कलमाप्रमाणें पैसा वा जमीन देऊन हक्काची फेड करावी. आणि चोविसाव्या कलमांत असें आहे कीं, हक्कानें मिळालेला माल, नोंदींत मान्य केलें असेल त्यापलीकडे, विकूं नये व बदलूं नये.

कायदा क्रूर होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांत हक्क ऐकून घेण्याची सोय आहे आणि निर्णयाविरुद्ध अपीलही आहे. परंतु त्यांत ‘पुरे’ म्हणणारा बदलला. आजवर जेवणारा पानावर हात धरीत होता. आतां वाढपी भांडें मागें घेऊं लागला.

त्याहून खोल गेलेला बदल ‘विकूं नये’ या दोन शब्दांत होता. मराठींत ‘पुरून उरणें’ असा जोडप्रयोग आहे. पुरणें आणि उरणें यांची जोडी आपल्या पूर्वजांनीं उगाच बांधली नाहीं. एक वर्ष चांगलें जातें, दुसरें वाईट. जें पहिल्यांत उरतें तेंच दुसऱ्यांत पुरतें. शिवाय रानांत सर्व कांहीं मिळतें, पण मीठ मिळत नाहीं, कापड मिळत नाहीं, लोखंडाचा फाळ मिळत नाहीं. मोह, चारोळी, डिंक, लाख यांचें एखादें ओझें बाजारास नेल्याशिवाय मीठ घरीं येत नसे, आणि मिठावांचून कोणाचाही निस्तार होत नाहीं. कायद्यानें पुरणें मान्य केलें आणि उरणें हें संशयास्पद ठरविलें. ‘अस्सल घरगुती गरज’ ही कायद्याची लाडकी शब्दयोजना; तिच्यांत घर होतें, पण घरापासून बाजाराकडे जाणारी पायवाट नव्हती.

या अवस्थेविरुद्ध लोकांनीं आपल्या परीनें ‘पुरे’ म्हटलें. १९३० च्या जुलैंत लोकनायक बापूजी अणे यांनीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत पुसद येथें राखीव जंगलांतील गवत कापून कायदा मोडला, आणि जंगल सत्याग्रहाचें लोण मध्यप्रांत-वऱ्हाडांत पसरलें. दांडीस मीठ होतें, पुसदला गवत होतें. दोन्ही वस्तु अगदीं स्वस्त, आणि दोन्ही अशा कीं त्यांच्यावांचून दिवस निघत नाहीं. गवताचा भारा म्हणजे निस्तारच होय.

स्वराज्य आलें. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी व जमीनदारी नष्ट झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून जमीनदारांचीं जंगलें सरकारकडे आलीं. रयतेला वाटलें असेल कीं, मधला मनुष्य गेला, आतां रान आपलें. परंतु १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणानें असा सिद्धान्त मांडला कीं, जंगलाजवळ राहणाऱ्या गांवांनीं वनमालाचा अधिक उपयोग करणें स्वाभाविक असलें, तरी राष्ट्रहिताला बाध आणून त्यांना तो करूं देतां येणार नाहीं. त्याच सुमारास बल्लारपूरची कागदगिरणी उभी राहिली. कागदाला बांबू लागतो, आणि सरकारनें दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांनीं गिरणीच्या बांबूची सोय केली. आम्ही कागदाच्या विरुद्ध नाहीं. आमचा सारा जन्म कागदावरच गेला. ज्या उत्तरपत्रिकेवर आम्हीं तांबडी रेघ ओढली, तिच्यांतही या रानाचा बांबू नसेलच असें सांगवत नाहीं. परंतु शब्दांकडे पाहावें. गांवकऱ्याला मिळे ती ‘सवलत’, गिरणीला होई तो ‘पुरवठा’. ‘पुरवणें’ हें ‘पुरणें’ याचेंच प्रयोजक रूप आहे. गांवाच्या बाबतींत, किती पुरतें हें अधिकारी ठरवी. गिरणीच्या बाबतींत, किती पुरवावें हें यंत्राची भूक ठरवी.

निस्ताराचे कागद मात्र जिवंत राहिले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत विदर्भासाठीं ‘निस्तार पत्रक’ आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ यांचीं कलमें घातलीं गेलीं. गांवच्या बिनभोगवट्याच्या जमिनीचा वापर कसा व्हावा, याची योजना गांवकऱ्यांची इच्छा विचारून करावी, असें त्यांत आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला. त्याच्या क्षेत्राचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग जंगलानें व्यापलेला आहे. १९८८ च्या वनधोरणानें १९५२ चा सूर बदलला आणि आदिवासी व ग्रामस्थ यांच्या घरगुती गरजांचा वनमालावर पहिला अधिकार, असें सांगितलें. धोरणाच्या कागदावर तरी पंगतीचा क्रम फिरला.

त्या सुमारास गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत, मेंढा (लेखा) या सुमारें शंभर घरांच्या गोंड गांवानें धोरणाची वाट न पाहतां स्वतःच हा प्रश्न हातीं घेतला होता. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचीं नांवें त्या प्रयत्नाशीं जोडलेलीं आहेत. ग्रामसभेनें सर्वांच्या सहमतीनें ठरविलें कीं, घरगुती गरजा लगतच्या रानांतूनच भागवावयाच्या, त्यासाठीं कोणास लांच द्यावयाची नाहीं. पण वणवा लावावयाचा नाहीं, रानावर अतिक्रमण करावयाचें नाहीं, आणि राखण आपणच करावयाची. येथें ‘पुरे’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच मुखांत आले : आम्हांस एवढें लागतें, आणि एवढ्यावर आम्ही थांबतों.

२००६ च्या कायद्यानें ‘निस्तार’ हा शब्द, त्याला कोठें कोणत्याही नांवानें ओळखलें जावो, सामूहिक हक्क म्हणून मान्य केला, आणि संस्थानें व जमीनदाऱ्या यांतील वहिवाटींचाही उल्लेख केला. त्या कायद्याखालीं २००९ सालीं मेंढा गांवास सुमारें १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तेवढ्यानें भागलें नाहीं. कायद्यानें बांबूला गौण वनोपज म्हटलें असतांही, तो विकून बाहेर नेण्याचा परवाना कोणीं द्यावयाचा, यावर घोडें अडलें. अखेरीस २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यास गेले आणि वाहतूक परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें. पुस्तक लहान, पण त्याचा अर्थ मोठा. त्या कायद्याच्या नियमांत उपजीविकेच्या गरजेंत जादा मालाची विक्रीही गणली आहे. जें उरणें १९२७ च्या कायद्यानें संशयानें पाहिलें होतें, तें पुन्हां पुरण्याच्या शेजारीं येऊन बसलें. आज एकट्या गडचिरोली जिल्ह्यांत असे हजाराहून अधिक सामूहिक हक्क मान्य झालेले आहेत.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो टाळूं नये. वनखात्यांतील जाणता अधिकारी म्हणेल, ‘वाढपी पुरे म्हणतो तो कृपणपणानें नव्हे. अजून दुसरी पंगत बसावयाची आहे. पहिल्या पंगतीनें पातेलें रिकामें केलें तर तिला काय वाढावें?’ हा युक्तिवाद पोकळ नाहीं. बांबूचीं बेटें अमर नसतात, आणि बाजाराचा भाव दिसूं लागला कीं गांवकऱ्याचाही संयम सुटूं शकतो. खेड्यांत लोभ नसतो असें म्हणणें ही शहरांतील लोकांची समजूत आहे. पुढल्या पंगतीची काळजी खरी आहे. परंतु ज्या काळांत ही काळजी गांवापुढें मांडली जात होती, त्याच काळांत गिरणीच्या पानावर वाढतांना ती कोणाला आठवत नव्हती. म्हणून तिचें वजन कमी झालें.

या आक्षेपाला खरें उत्तर आमच्या मतें चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यांतील पाचगांव या लहान गांवानें दिलें आहे. २०१२ सालीं त्याला सुमारें एक हजार हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपान हें या मुलखांतील रोख पैशाचें मोठें साधन; उन्हाळ्याच्या थोड्या दिवसांत घरांत पैसा येतो. तरीही पाचगांवच्या ग्रामसभेनें तेंदूपान तोडणें बंद करण्याचा निर्णय घेतला. पानांसाठीं झाडें छाटलीं जातात, आणि नवी पालवी यावी म्हणून वणवे लावले जातात. त्यानें रानाची हानि होते, असें त्यांचें मत पडलें. शिवाय सुमारें चौतीस हेक्टरांचा एक भाग देवराईप्रमाणें त्यांनीं अस्पर्श राखून ठेविला. ज्यांच्या पानावर सर्वांत कमी वाढलें गेलें होतें, त्यांनीं वाढप्याची वाट न पाहतां आपणहून हात आडवा धरला. हें त्यांना करतां आलें, कारण भांडें त्यांच्याजवळ होतें. ज्याला केव्हांही उठविलें जाईल असें वाटतें, तो दोन्ही हातांनीं खातो. ज्याला आपलें पान आपलेंच राहील असा भरंवसा असतो, त्यालाच ‘पुरे’ म्हणणें परवडतें. एवढ्यावरून सर्वच गांवें असें करतील असा सिद्धान्त आम्ही काढीत नाहीं. दोनचार गांवांच्या उदाहरणानें इतिहास सिद्ध होत नाहीं. मात्र अमुक गोष्ट अशक्य आहे, असें म्हणणाऱ्याचें तोंड बंद होतें.

शब्दांचा इतिहास पाहणाराला एक समाधान असतें. शब्द माणसांपेक्षां अधिक काळ जगतात, आणि माणसें जें विसरतात तें सांभाळून ठेवितात. ‘इनफ’ या शब्दांत पोंचणें राहिलें होतें, ‘पुरणें’ यांत हात लांबविणें राहिलें होतें, आणि ‘निस्तार’ यांत पलीकडचा कांठ राहिला होता. तिन्हींचें सांगणें एकच कीं, पुरेसें म्हणजे मोठें नव्हे. पुरेसें म्हणजे जेथें जावयाचें तेथवर जाणारें. आणि कोठें जावयाचें, हें जाणाऱ्याखेरीज दुसऱ्यानें ठरवूं नये. ठरवितांना मागून येणाऱ्यांसाठीं नाव कांठाला बांधून ठेवण्याचें मात्र जाणाऱ्यानें विसरूं नये.

तो विद्यार्थी पुढें काय झाला, हें आम्हांस ठाऊक नाहीं. उत्तरपत्रिका नियमाप्रमाणें केव्हांच नष्ट झाल्या असतील. मात्र त्यानंतर भाषांतराचा तास घेतांना ‘इनफ’ हा शब्द आला, कीं आम्ही फळ्यावर ‘पुरेसें’ असें लिहितों, त्याच्या शेजारीं ‘निस्तारापुरतें’ असेंही लिहितों, आणि ‘भरपूर’ लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापतों.